लंकाबाईचा दमा आन् माझा

...आन् नेमका तवाच त्या गिरणीवाल्यानं पट्टा चढवला! आता सांगा, ही काय येळ झाली पट्टा चढवायची? रुपाली नुकती कुठं सांगाय लागली हुती, "अगं कलाबाई, ऐकलंस का, तुझ्या शेजारच्या लंकाबाईच्या रक्तात डॉक्टरांना असलं काय सापडलंय, की आता ते घेऊन थेट..." आन् घर्रर्रर्र! थेट कुठं? नगरला? मुंबईला? का इमानात घालून आनखी पुढं? रुपालीचं त्वांड हलतंय ते मला पिठाच्या धुरळ्यात दिसतंय, पन ऐकू काय यायला! वर तो धुरळा गेला नाकात, मला सुटला खोकला, आन् मी खोकून मोकळी हुईस्तोवर रुपाली डबा घेऊन पसार!

तुमाला सांगते, त्या दिवशी भाकर ग्वाड लागली न्हाई मला. दोन महिने झाले, पुण्याचे डॉक्टर लोक आमच्या घोडेगावात येत्यात. दमा घराण्यात कसा उतरतो, एकाला नुसती शिंक आन् दुसऱ्याला थेट आक्सिजन, असं का, ते त्यांना रक्तात शोधायचंय. शोधा की, आमी कुठं न्हाई म्हनतो! पन शोधायची सुरवात कुठनं? तर लंकाबाईपासनं! का, तर म्हणं तिच्या आईला दमा, तिला दमा, तिच्या पोराला, कल्याणला दमा, तीन पिढ्या ओळीनं. अशी मिरवती बाई, जशी काय पाटीलकीच चालत आलीय घरात! तीनदा डॉक्टरांची पांढरी गाडी तिच्या दारात उभी राहिली. माझ्या दारात फकस्त वळवली. रक्त दिलं, तर दंडाचा कापूस चार दिस काढला न्हाई तिनं, पदर सारून ओट्यावर बसायची. "काय सांगू कलाबाई, सुई लई मोठी हुती." मी म्हनलं, व्हय का! आता तुमीच सांगा, माझा दमा काय दमा न्हाई?

एकवीस वर्षं झाली माझ्या दम्याला. एकवीस! लंकाबाईचा दमा म्हंजे पाव्हना, पावसाळ्यात येतो, दिवाळीला जातो. माझा घरजावई! मार्केटात कांदा निवडाय बसले की येतो, चूल पेटली की येतो, शुक्रवारी जनावरांचा बाजार भरला की धुरळ्यासंगं येतो, आन् न्हाईच कशानं आला तर लंकाबाईच्या दारात पांढरी गाडी बघून येतो! आन् आता त्यांनी तिचं रक्त दुसऱ्यांदा मागितलं म्हणं. दुसऱ्यांदा कवा मागत्यात? पयल्यात काय तरी मोलाचं निघाल्याबिगर?

मी ठरवलं. बुधवारी शाळेत त्यांचा क्यांप हुता. जरीचं लुगडं नेसले. सकाळचा पंप मुद्दाम घेतला न्हाई, म्हनलं मशीनमधी फुंकायची येळ आली तर दमा कसा टवटवीत दिसला पायजे! आमचे मालक, कचरू, म्हशींचे व्यापारी, त्यांना म्हनलं चला संगं. ओळीत उभी राहिले आन् बघते तर मागं कोन? लंकाबाई! दंड चोळीत.

डॉक्टरीन बाई चांगली हुती हो, राजेश्वरी मॅडम, वयानं आमच्या लेकीयेवढीच, ज्योतीयेवढीच दिसायची. "मावशी, घरात अजून कुणाला दमा होता का?"

मी ह्याचीच वाट बघत हुते. "सासूला!" म्हनलं. "आन् सासूच्या सासूलाबी! लिवा, आन् मी धरून तीन पिढ्या!"

तिनं पेन खाली ठिवला. "मावशी, सासूबाईंचा दमा तुमच्यात कसा येईल?"

"कसा येईल म्हंजे? सगळं तिच्याकडनंच आलंय! घर तिचं, चूल तिची, पाटल्या तिच्या, तिच्याच खाटंवर निजते मी. मग दमा तेवढा दुसऱ्याचा कसा?"

"पण तुमच्यात त्यांचं रक्त नाही ना."

"मॅडम, तीस वर्षं त्या बाईनं माझं रक्त पेलंय, कुठं तरी मिसळलंच आसंल की!"

ओळ हसाय लागली. आन् आमचे मालक, घरात चार शब्द बोलायचे न्हाईत, ते तिथं बोलले! "आगं येडे, म्हैस घेताना आपुन तिच्या आईचं दूध इचारतो का शेजारच्या दावणीचं?" झालं! लंकाबाई तर पदर तोंडात घालून हसाय लागली. आता सांगा, चारचौघांत दावणीला बांधली मला, माझा दमा काय दमा न्हाई?

मॅडम म्हनली, "माहेरी कुणाला?"

"न्हाई. आईला दमा नव्हता, नुसती धाप हुती. ऊसतोडीला जायची. मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढली की दहा मिंटं बोलायची न्हाई, छातीत शिट्टी वाजायची. आमी लेकरं हसायचो, आईच्या छातीत पाखरू हाय म्हनायचो."

"मावशी," मॅडम हळूच म्हनली, "तोच दमा."

आता ह्याला काय म्हनायचं? जल्मभर मी दमा सासूच्या नावावर लावला, तिला शिव्या घातल्या, आन् निघाला माझ्या आईचा. तिला कुनी औषीद दिलं न्हाई, कारन त्याला कुनी नावच दिलं न्हाई.

पन मन बघा कसं असतं. डोळं पुसता पुसता मनात आकडा आला, आई एक, मी दोन... तिसरी पिढी गावली की लंकाबाईची बरोबरी! आन् मॅडमनं इचारलंच, "मुलांमध्ये कुणाला?"

तुमाला म्हनून सांगते. ज्योतीला हाय. माझ्या लेकीला. वय बावीस, रविवारी श्रीरामपूरची मंडळी बघायला यायची हुती, आन् दोघींत एकच पंप, तो डाळीच्या डब्यात लपवलेला. पंपवाली पोरगी कोन करतंय? वर लंकाबाई मागं उभी, तिच्या तोंडात तीळ भिजायचा न्हाई. मी म्हनलं, "कुनालाच न्हाई. लेक माझी ठणठणीत."

मॅडमनं माझ्याकडं बघितलं. म्हनली, "मी एवढ्यासाठी विचारते मावशी, की दम्याचं काही एकच एक कारण नसतं. जनुकांत पुष्कळ बारीक बारीक फरक असतात, एकेक थोडी थोडी भर घालतो. काही आईकडून येतात, काही वडिलांकडून. त्यात धूर, धूळ मिळते. म्हणून आईचा साधा असला तरी मुलीचा जोरात असू शकतो. आईला पुरतं ते औषध मुलीला पुरेलच असं नाही."

मागल्याच महिन्यात भाकरी थापता थापता ज्योती उंबऱ्यावर बसली हुती, ओठ निळं पडलेलं. माझा दमा दोन फवाऱ्यात बसतो. तिनं सहा घेतलं तरी बसंना. मी म्हनायची, नीट वढत न्हाईस तू. नीट वढत न्हाईस! आन् तरी माझं त्वांड उघडंना, सांगते तुमाला, लगीन आडवं आलं.

तर मागनं कानाशी आवाज आला, लई हळू. "कले, आपली भिंत एका इटेची हाय. तीन वर्षं पोरीची शिट्टी ऐकतीय मी. गावात एका तरी तोंडून तुझ्या कानावर आलं का? सांग मॅडमला. न्हाई तर पोरगी जाईल हातची."

लंकाबाई! तीन वर्षं! आन् कल्याणचं असं काय मला ठावं असतं ना, तर तीन दिसांत खर्ड्याच्या किल्ल्यापत्तुर पोचवलं असतं मी. म्हंजे पोटात ठिवण्यातबी तीच पुढं. इतकी जळले, इतकी जळले, आन् त्या जळण्यातच बोलून गेले, "लिवा मॅडम. ज्योती. वय बावीस."

मालक जाऊन ज्योतीला घेऊन आले. आधी मी मशीनमधी फुंकलं, मग तिनं, आन् तिचा काटा माझ्या निम्म्यावरबी गेला न्हाई. मॅडमनं तिला येगळं औषीद दिलं, येगळा पंप दिला, आन् मला सकाळचा पंप बुडवला म्हनून आशी झापली, की माझ्या सासूची सय आली.

श्रीरामपूरवाल्यांना आमीच सांगितलं. पवं खाल्लं, चा पेले, "कळवतो" म्हनले. अजून कळवत्यात. ज्योती म्हनते, "आये, आधी श्वास तर येऊ दे, मग नवरा येईल." चूल बंद केली, ग्यासवर भाकरी करते, आन् लंकाबाई म्हनती, गेलं पंधरा दिस भिंतीतनं शिट्टी न्हाई.

व्हय, ते राहिलंच! निघताना मी मॅडमला इचारलंच की, लंकाबाईच्या रक्तात काय सापडलं? तर म्हनली, "काहीच नाही अजून, वर्ष जाईल. पहिली नळी गोठून खराब झाली, म्हणून परत बोलावलं." गोठली! मला जो आनंद झाला... पन रुपालीचं निम्मं खरं हुतं बरं का, थेट पुण्याला नेणार हुते. लंकाबाईला न्हाई, नळीला, बर्फाच्या डब्यात घालून. मी डब्यात डोकावले. लंकाबाई म्हनली हुती, "आधी पोरीचं घ्या," म्हनून ज्योतीची सव्वीस नंबरची, मी झापून घेऊन पंप वढीस्तोवर लंकाबाईची सत्तावीस, आन् माझी अठ्ठावीस. आता तुमीच सांगा, माझा दमा काय दमा न्हाई? पार रक्त होऊन पुण्याला निघाले, तरी मी हाय ती लंकाबाईच्या मागंच!