निळ्या चित्राखालची सही

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आम्हाला ऑनलाइन प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचे संचालक आणि आजचे प्रमुख पाहुणे, ज्यांना आपण निरोप देतोय ते आमचे सर, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

मला चार गोड शब्द बोलायला सांगितलंय. बघते जमतंय का.

अध्यक्ष आत्ताच म्हणाले, सर स्वेच्छेने निवृत्त होताहेत. स्वेच्छेने? दोन वर्षं शिल्लक असताना? वहिनी, तेव्हा तुम्ही मान खाली घातलीत, ती मी पाहिली.

सरांनी इथे बावीस वर्षं एकच काम केलं. एखादा भाग वजनाखाली टिकेल की मोडेल, ते तो बनण्याआधी संगणकावर तपासायचं. त्याचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकावरचा ताण काढायचा. पडद्यावर निळं दिसलं की निर्धास्त, लाल दिसलं की धोका. मी नवीन होते तेव्हा सरांनी महिनाभर मला संगणकाला हात लावू दिला नाही. खाली कारखान्यात नेऊन, शिडीवर चढवून खांबावरच्या बोल्टवर बोटं ठेवायला लावली. पलीकडून क्रेन गेली की विचारायचे, हललं का? मी घरी आईला सांगायचे, कुठल्या तऱ्हेवाईक माणसाच्या तावडीत सापडलेय.

मग ऑनलाइन प्रशिक्षण आलं. पाहुण्यांनी रागावू नये, धडे चांगले होते. आम्हीच नालायक. चाळीस तासांचे धडे आम्ही दुप्पट वेगाने, आवाज बंद करून, दुसरं काम करत उरकले. परीक्षेची उत्तरं एकाने काढली, बाकीच्यांनी उतरवली. हसताय काय, तुम्हीही त्यात होतात. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली, आणि वरच्या मजल्यावर ठरलं की आता सरांची गरज नाही.

धड्यातल्या उदाहरणात पट्टीचं एक टोक भिंतीत घट्ट धरलेलं होतं. आम्ही तेवढंच शिकलो. जेवणघरावरून जाणाऱ्या नव्या क्रेनचा भार खांबांवर पेलणारे ब्रॅकेट तपासताना गणितात बोल्ट तसेच धरले, तसूभरही न हलणारे. चित्र आलं निळंशार. सरांनी सही नाकारली. म्हणाले, “ते खांब जुने आहेत, बोल्ट हलतात. मी हात लावून आलोय. पुन्हा करा.”

पुन्हा करण्यात दोन आठवडे गेले असते, एवढंच. पण सर आडमुठे ठरले, त्यांची केबिन गेली, आणि आज हातात हा पुष्पगुच्छ. सही कोणी केली? मी. अध्यक्ष महोदय, तुम्ही सरांची खुर्ची देऊ केलीत आणि मी मुकाट्याने सही केली. तुमचा राग येतोच, पण माझी स्वतःची चीड त्याहून जास्त येते.

परवा मी शिडीवर चढले. बोल्ट हलतात. काल एका ब्रॅकेटचं गणित बोल्ट हलते धरून पुन्हा केलं. कोपरा लालभडक आला. सोमवारी ती क्रेन सुरू होणार, आणि दुपारी त्याखाली दोनशे माणसं जेवायला बसणार आहेत.

म्हणून आज सकाळी मी माझी सही लेखी मागे घेतली. अध्यक्ष महोदय, पत्र तुमच्या टेबलावर आहे. खुर्चीही नको. सहकाऱ्यांनो, आता ते तुमच्यापैकी कोणालातरी बोलावून सही मागतील, हे मला माहीत आहे. प्रमाणपत्र तर सगळ्यांकडे आहे.

सर, तुमचे आभार मानायला मला तोंड नाही, तरी मानते. आयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचेही आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर ते पोटात घाला. माझी सही मात्र पोटात घालू नका. सोमवारी ती क्रेन बंद ठेवा.