गोस्पाच्या आदल्या दिवशी घेतलेले शेअर

नेवेन्का : असा काय बघत बसलायस फोनकडे, याक्शा? घेतले की नाही तुझ्या आईनं कारखान्याचे शेअर? चांगले साठ!

याक्शा : घेतलेस गं. पण हे गुरुवारचं दिसतंय. ॲप कसं चालवायचं ते तर मी मंगळवारीच दाखवून गेलो होतो.

नेवेन्का : शुक्रवारी गोस्पाचा, मेरीमातेचा सण होता ना! आपल्या घरात चांगलं काम सणाच्या आदल्या दिवशीच हाती घेतात. तुझे आजोबा नवी होडीसुद्धा त्याच दिवशी पाण्यात घालायचे.

याक्शा : तिथंच घोळ झाला, आई. हे शेअर अजून तुझे झालेले नाहीत.

नेवेन्का : झाले नाहीत म्हणजे? नऊशे युरो तर बटण दाबल्याबरोबर गेले!

याक्शा : ते अडकवून ठेवलेत. गुरुवारी नुसता सौदा झाला. शेअर नावावर चढायला कामाचे दोन दिवस लागतात. शुक्रवारी सणाची सुट्टी, काल शनिवार, आज रविवार. उद्या सोमवार एक, मंगळवार दोन.

नेवेन्का : वा रे वा! पैसे आज द्या, बांगडा मंगळवारी न्या! मासळीबाजारात कुणी असं केलं असतं तर बायकांनी झोडपलं असतं. बरं, मंगळवार तर मंगळवार. सभा पुढच्या सोमवारी आहे.

याक्शा : सभा पुढच्या सोमवारी. पण मतदारांची यादी उद्या संध्याकाळीच बंद होते. उद्या ज्याच्या नावावर शेअर, त्यालाच मत.

(नेवेन्का अंजिरांची बशी दूर सारते.)

नेवेन्का : बुधवारी घेतले असते तर?

याक्शा : उद्या नावावर आले असते.

नेवेन्का : फोन लाव त्या ॲपवाल्या दलालाला. सांग, एकतीस वर्षं त्याच कारखान्यात तारली मासळी डब्यांत भरलीय हिनं. कारखाना विकून हॉटेल बांधायला निघालेत, हिला फक्त ‘नाही’ म्हणायचंय.

याक्शा : त्याच्याही हातात नाही गं. चूक माझी. यादीचं मला ठाऊक होतं, तुला सांगायचं राहून गेलं.

नेवेन्का : कामगारांना शेअर वाटले होते तेव्हाही साठच मिळाले होते मला.

याक्शा : आणि माझ्या शिक्षणापायी विकलेस. माहितीये.

नेवेन्का : माझ्या शेजारी डबे भरायची त्या दिन्कानं नाही विकले. पोरांना जुने बूट घातले, पण विकले नाहीत. तिला सांगून आलेय, या खेपेला सभेत तुझ्या शेजारी मी बसणार.

याक्शा : मंगळवारी आले की विकून टाकू या? हॉटेल होणार म्हटल्यावर भाव चढेलच.

नेवेन्का : खबरदार! एकदा विकले तेवढं पुरे झालं. अजून जीव जळतो माझा.

याक्शा : मग सभेच्या दिवशी काय करणार? आत घेणार नाहीत तुला.

नेवेन्का : दाराशी बसेन. सभा सुटल्यावर दिन्कानं एकटीनं घरी जायचं का रे?