पाणी आधी कुणाला

भोरच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलेल्या रतनबाईंचे गुडघे ठणकत होते, पण कान शेजारच्या जोडप्याकडं लागले होते. तो भोरला लागूनच असलेल्या एका गावात नळाला पाणी सोडणारा. छातीत कळ आली म्हणून बायकोनं ओढत आणलेला. कॉक फिरवायची लांब लोखंडी चावी अजून त्याच्या हातातच होती, आणि मोबाईल काही केल्या गप्प बसत नव्हता.

"व्हय पाटील, सोडतो. लग्नघर हाय, ठावं हाय मला. सोडतो!"

"अवो, पुढचा नंबर आपला हाय."

"सुलक्षणा, पळत जाऊन येतो."

"छाती धरून पळणार व्हय?"

"लग्नघरी पाव्हणं खोळंबल्यात, गेनबाच्या घरी दहावा, शाळेची टाकी कोरडी. कुणाला थांब म्हनू?"

"द्या ती चावी हिकडं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"रातच्याला तुमच्यामागं बॅटरी धरून काय माजी सवत हुबी आसती?"

"बरं. पयलं कुणाला सोडशील?"

"गेनबाच्या घरी. सुतक फिटायचंय, घर धुवायचंय त्यांना. दुःखातल्या मानसानं पाणी मागत बसायचं का? मग शाळा. मग लग्नघर."

"पाटील चिडत्याल."

"चिडू देत. मोबाईल बी द्या."

"आन् आपल्या आळीला?"

चावी खांद्यावर टाकून ती दारापर्यंत गेली. तिथंच थांबली, पण मागं वळली नाही.

"आपली आळी शेवटाला. तिथलं पाणी घरी आल्यावर तुमीच सोडायचं."