समोरचं माणूस

— नाही नाही, सावकाश. वाटेल तेव्हा बोला, मला कसली घाई नाही. तो लाल दिवा ना? रेकॉर्डिंगचा. तुम्हाला विचारलं होतं ना बाहेर? ऐकणार फक्त आमच्या मार्गदर्शक बाई, आणि त्या तुम्हाला नाही, मलाच तपासणार. शिकाऊ आहे मी. पांढऱ्या केसांवर जाऊ नका — समुपदेशनात एम.ए. करतेय, शेवटचं वर्ष, वर्गातली पोरं काकू म्हणतात. त्याआधी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत होते. माणूस नुसता ‘ती संध्याकाळची —’ म्हणाला की मी फलाट सांगून मोकळी. तिथं कौतुक व्हायचं हो याचं. इथं बाई विचारतात, तुमच्या टेपवर समोरचं माणूस कुठंय? आधीच्या टेपा त्यापायीच नापास झाल्या. ही शेवटची. हीही नापास झाली तर एम.ए. होईन, पण या खुर्चीत बसायची परवानगी काही मिळायची नाही. असो. मी गप्प बसते. बोला तुम्ही.

कसंय, गप्प बसायलाच शिकवतात आम्हाला. खरंच. समोरचा थांबला की आपणही थांबायचं, ती शांतता सोसायची. पेपरात मी यावर पानंच्या पानं लिहिली, वर्गात पहिली आले — लोका सांगे ब्रह्मज्ञान. तुम्ही बाही ओढताय ना अशी, माझी मुलगी अगदी तशीच ओढते. तुमच्याच वयाची. तिच्यासाठीच आले मी इथं. म्हणजे, प्रवेशाच्या मुलाखतीत समाजसेवा वगैरे सांगितलं, पण खरं तर ती बोलायची थांबली म्हणून. भांडण नाही, तंटा नाही. जेवते, ताट विसळते, खोलीत जाते, दार लावते. म्हटलं, शिकलं की कळेल काय विचारायचं ते. मग विचारलं एकदा, अगदी शिकवलंय तसं — तुला आत्ता काय वाटतंय? तर म्हणाली, आई, कॉलेजातलं कॉलेजात ठेव. केवढं मोठं वाक्य तिचं, किती दिवसांनी. आणि मी त्यालाही उत्तर दिलं. लगेच. अजून काही म्हणणार होती का ती? तोंड उघडलं होतं तिनं, हे मला नंतर आठवलं.

आता हे बाईंनी ऐकलं म्हणजे संपलंच, पुसताही येत नाही. अहो, रडू नका. नाही — रडा, रडा. रुमाल लगेच पुढं करू नये म्हणतात, माणूस थांबतं त्यानं. केलाच बघा मी. काय म्हणालात? ‘मलाही आईशी —’ बोलवत नाही, हो ना? कळलं मला. तसं नाही? मग कसं — नाही, ऐकतेय मी, माझं लक्ष जरा घड्याळाकडं गेलं. तुमच्या डोक्यामागं लावतात ते मुद्दाम, तुम्हाला दिसू नये म्हणून. वेळ झाली. बाहेर पुढचे थांबलेत. पुढच्या खेपेला हेच सांगा, इथूनच सुरू करा. मी नसेन बहुधा, दुसरं कुणीतरी असेल, ऐकून घेणारं. रुमाल राहू द्या तुमच्याकडे. दार लोटून घ्या जाताना.

थांब गं, बाळ, काय सांगत होतीस — नाही. काही नाही. या तुम्ही.