शेवंती गडावर चालली

आमचा गोंदियाकडचा प्रतापगड पाहायला येणारे पाहुणे मी पुष्कळ फिरवले, पण माझ्या लेकीला, शेवंतीला पाहायला आले तसे कोणीच नाही. गोंदियाहून मुलाला सोबत घेऊन आलेली त्याची आई पोहे संपवून तोऱ्यात म्हणाली, "जरा चलके दिखा, बेटी. पायात खोट तर नाही ना?"

शेवंतीचा चेहरा उतरला. माझं डोकं सणकलं, पण स्थळ चांगलं होतं, मोडायचं नव्हतं.

मी म्हटलं, "आमचं आंगण लहान आहे, बाई. गडावर चला. पोरगी तिथं चालून दाखवते, तुमचा गडही पाहून होतो."

शेवंती डोक्यावर पाण्याची घागर घेऊन पुढे निघाली. अर्ध्या चढावर मायलेक दोघेही धापा टाकत दगडावर बसले. वरून शेवंती ओरडली, "या ना! बुरूज इकडं आहे!"

मी बाईला विचारलं, "पोरगी तर चालून राहिली. तुमच्या पोराच्या पायात काही खोट आहे का?"

बाई पदरानं वारा घेऊ लागली. नवरदेवच कसाबसा बोलला, "आई, लवकर हो म्हण. पाणी तिच्याजवळ आहे!"