विश्वंभर देवावर रुसला नव्हता

निर्मलाबाई : थांबलीस काहून? वाच की.

सरला : सासूबाई, पुढं देवाबद्दल लिहिलंय.

निर्मलाबाई : शिव्या दिल्या का त्यानं?

सरला : छे हो. पण पुस्तकाचं नावच 'मी देव का मानत नाही'. तुम्हाला ऐकवणार नाही.

निर्मलाबाई : माझं पोरगं पूजा टाकून पुण्याला निघून गेलं, ते मी सोसलं. छापलेलं काय सोसणार न्हाई? आपली सुधा तापात गेली, तवा तो देवावर रुसला. तेच असंल.

सरला : ऐका तर. "लोक म्हणतात, बहीण गेली म्हणून विश्वंभर देवावर रागावला. मला राग आलाच नाही. रागवायला समोर कुणीतरी असावं लागतं."

निर्मलाबाई : राग न्हाई? अगं, त्याचा राग जावा म्हणून मी इतकी वर्षं सोमवार धरून राहिले! मग गेला काहून?

(विष्णुपंत देवळातली पूजा आटोपून येतात.)

विष्णुपंत : काय वाचून राहिल्या तुमी? दाखव. …धाकट्याचं? हे आपल्या जवळा बाजार गावात आलं कसं?

सरला : माझा भाऊ वाशीमहून घेऊन आला.

विष्णुपंत : पुजाऱ्याच्या घरात हे! गावाला कळलं तर उद्या माझ्या हातचं तीर्थ कोण घेईल? आण इकडं, चुलीत घालतो.

निर्मलाबाई : घाल. पण ऐकून झाल्यावर घाल.

विष्णुपंत : आई, तुला समजत न्हाई…

निर्मलाबाई : न्हाईच समजत. म्हणून तर ऐकून राहिले. घर काहून सोडलं, ते त्यानं साऱ्या मुलखाला सांगितलं, अन् मी जन्म देणारी, मलाच ठाऊक न्हाई. बस खाली. वाच गं.

सरला : "श्रावणातली पहाट होती. मी पिंडीवर धार धरली होती. मंत्र पाठ, जीभ आपली चालत होती. एकाएकी जाणवलं, हे आपण कुणालाच सांगत नाही आहोत. जत्रेत बोलत बोलत चालावं आणि सोबतचा माणूस शेजारी नाहीच हे कळावं, तसं झालं."

विष्णुपंत : …धार धरलेली असताना?

सरला : हो, तसंच लिहिलंय.

निर्मलाबाई : मग? पुढं?

सरला : "शेजारी दादा डोळे मिटून रुद्र म्हणत होता. मनात आलं, विचारावं, दादा, तुला तिकडून काही ऐकू येतं का? धीर झाला नाही. तो हो म्हणाला असता, तर कदाचित मी राहिलो असतो."

निर्मलाबाई : विष्णू… येतं का रे?

सरला : सासूबाई, राहू द्या. मी मिटते पुस्तक.

विष्णुपंत : मिटू नको. इथं उजेड कमी आहे. दारापाशी बस, अन् पुढचं वाच.