सलीमचाचा आणि ओझोनचा थर

परवाचं सांगतो. सात रस्ता चौकात मी ज्यांच्या हाताखाली एसीचं काम शिकलो, ते सलीमचाचा. तीस वर्षं त्यांनी दुरुस्तीच्या वेळी एसीतला जुना गॅस हवेतच सोडला; सगळेच सोडायचे. परवा आम्हा एसीवाल्यांचं प्रशिक्षण होतं; तिथं सरांनी सांगितलं, त्या गॅसनं ओझोनच्या थराला भोकं पडतात.

चाचा उठले. "सर, मग ते पाप माझं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं का, चाचा? आता तो गॅस बंद होतोय, थर हळूहळू भरतोय."



दुसऱ्या दिवशी मोहोळला एका डॉक्टरांचा जुना एसी उघडला. चाचा गॅस यंत्रानं टाकीत भरून घेत होते.

डॉक्टर वैतागले, "लई वेळ लावताय. सोडून द्या की वर!"

चाचा म्हणाले, "साहेब, वर रफू चालू हाय. आपण परत कात्री कशाला लावायची?"